कायदा, विडी आणि सरहद्द

'सरकारी नियमांमुळे खाजगी क्षेत्रातील रोजगार घटतो. चर्चा करा.' गेल्या सहामाहीला हा प्रश्न आम्हांला दहा गुणांना होता. मी इतरांप्रमाणेच आधी फायदे लिहिले, मग तोटे लिहिले, शेवटी 'सुवर्णमध्य साधला पाहिजे' असे लिहून पुरवणी बांधली आणि सहा गुण मिळवले. त्यानंतरच्या रविवारी निपाणीला आत्याकडे गेलो. आत्या विड्या वळते. तिच्या शेजारी बसून बंडले मोजता मोजता माझ्या ध्यानात आले की, आपण उत्तरपत्रिकेत जे लिहिले त्यातले एकही वाक्य या घराला लागू पडत नाही.

आत्याच्या घरचा हिशेब असा. ठेकेदाराकडून पान, तंबाखू आणि सूत येते. रात्री भिजवून ठेवलेली पाने सकाळी तिच्या सासूबाई पत्र्याच्या मापाने कातरतात. आत्या सूप मांडीवर घेऊन विडी वळते, सूत गुंडाळते. माझी आतेबहीण शाळेतून आल्यावर तोंडे मोडते आणि पंचवीस-पंचवीसची बंडले बांधते. चाळीस बंडले झाली की हजार विड्या भरतात, आणि मजुरी या हजारावर मिळते. पान किडके निघाले आणि विड्या कमी भरल्या, तर तूट आत्याच्या अंगावर पडते. कार्डावर नाव मात्र एकट्या आत्याचे आहे. "नाव एकीचं, हात तिघींचं," असे ती हसत म्हणते.

आता या घरात नोकऱ्या किती धरायच्या? कार्ड पाहिले तर एक. डोळ्यांनी पाहिले तर तीन, त्यांपैकी एक शाळकरी मुलीची, म्हणजे मुळातच नसावी अशी. आणि आत्या घरी बसून काम करते, कारखान्याचा भोंगा तिला नाही, म्हणून ती कामगारच नव्हे असे कोणी म्हटले तर शून्य! नियमांमुळे नोकऱ्या वाढल्या की घटल्या हे सांगण्यापूर्वी नोकरी मोजायची कशी हे ठरले पाहिजे, आणि विडीधंद्यात तर याच मुद्द्यावर प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहेत.

१९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे कामगाराला भरपगारी रजा मिळत असे. विडी कामगाराला ती मिळावी काय? नागपूरच्या बिरधीचंद शर्मा प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, होय, कारखान्यात येऊन विड्या वळणारे हे कामगारच आहेत, कारण त्यांची हजेरी लागते आणि वाईट विडी नाकारण्याचा हक्क मालकाकडे असतो. पुढच्याच वर्षी शंकर बाळाजी वाजे प्रकरणात त्याच न्यायालयाने बहुमताने उलट निकाल दिला. त्या प्रकरणातला विडी वळणारा मर्जीप्रमाणे येई, मर्जीप्रमाणे जाई, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे आणि त्याला रजेचा पगारही नाही. पान, तंबाखू आणि बोटे दोन्हींकडे सारखीच होती. फरक होता तो हजेरीच्या वहीचा. मला तर हे वाचल्यावर वाटले की, शहाण्या मालकाने यातून एकच धडा घेतला असेल, तो म्हणजे वहीच ठेवू नये.

हा घोळ मिटावा म्हणून १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आला. कायदा चांगला होता. विडी वळण्याच्या जागेला परवाना हवा. रजा, कामाचे तास, बाळंतपणाची सवलत हवी. आणि घरी बसून वळणाराही कामगार धरावा. मध्ये ठेकेदार असला तरी ज्याचा छाप बंडलावर लागतो त्या मुख्य मालकाला जबाबदारी टाळता येऊ नये, हा त्यातील कणा होता. महाराष्ट्राच्या आणि म्हैसूरच्या नियमांत 'छाट' म्हणून सर्वसाधारणपणे शेकडा पाचापेक्षा अधिक विड्या नाकारू नयेत असेही घातले होते. ज्यांनी घरातल्या बाईला शंभरातल्या दहा विड्या चुरगळून परत आलेल्या पाहिले आहे त्यांनाच या एका आकड्याची किंमत कळेल.

पण याच कायद्यात एक बारीक कलम होते. कायदा कोणत्या तारखेपासून लागू करायचा हे त्या त्या राज्य सरकारने ठरवायचे होते. केरळने ऑक्टोबर १९६८ मध्ये अंमल सुरू केला. कण्णूर भागात विड्या वळून घेणारे मोठे कारखानदार मंगळूरचे, म्हणजे आपल्याच राज्यातले. त्यांनी कण्णूरकडची कामे बंद केली. सुमारे १२ हजार माणसे घरी बसली. परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर येथे अगदी उघड दिसते : नियम आला, नोकऱ्या गेल्या. तथापि गोष्ट येथे संपत नाही. १९६९ च्या फेब्रुवारीत, ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचे सरकार असताना, या बेकार कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. तीच दिनेश विडी. भरभराटीच्या काळात तिच्यात चाळीस हजारांवर कामगार होते आणि त्यांना रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी सर्व काही मिळे. पुढे विडीचा खप उतरला तेव्हा तिने छत्र्या आणि खाद्यपदार्थ बनवायला घेतले. म्हणजे १९६८ साली मोजले तर कायद्याने नोकऱ्या खाल्ल्या. १९८० साली मोजले तर मागच्यापेक्षा चांगल्या दिल्या. मंगळूरला बसून मोजले तर काय दिसले असते, हा आणखी वेगळा प्रश्न.

मालकांनी कायद्यालाच आव्हान दिले होते. 'मंगळूर गणेश विडी वर्क्स विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७४ मध्ये कायदा वैध ठरवला.

आता जरा दूरचे उदाहरण घेऊ, कारण मोजण्याची खरी युक्ती त्यात आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन ताशी सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंट केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची मिळून ४१० झटपट खाण्याची हॉटेले निवडली आणि वाढीपूर्वी व वाढीनंतर तेथे किती माणसे कामाला आहेत हे विचारले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे न्यू जर्सीत नोकऱ्या घटायला हव्या होत्या. त्या घटल्या नाहीत. १९९४ साली हे प्रसिद्ध झाल्यावर मोठे वादंग माजले. दुसऱ्या दोघांनी, न्यूमार्क आणि वॉशर यांनी, पगारपत्रके तपासून वेगळा निष्कर्ष काढला. येथेही भांडण शेवटी कोणती वही खरी यावरच आले! कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. क्रूगर त्यापूर्वीच, २०१९ साली वारले होते.

हे वाचल्यावर मला वाटले, सरहद्द तर आपल्याकडेही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये आला. निपाणी या बाजूला राहिली, कागल त्या बाजूला. निपाणीची किती तरी मुले ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात ते अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात. दोन्हीकडे तंबाखूचे शिवार तेच, बोली तीच, विडीही तीच. पण १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली हजार विड्यांचा दर ज्या त्या राज्याने ठरवायचा असे. महागाईची वाढसुद्धा एकत्र होत नाही. कर्नाटकात ती वर्षातून एकदा १ एप्रिलला, महाराष्ट्रात सहामाहीला. मग कार्ड-क्रूगरप्रमाणे कागल आणि निपाणीची विडी कामगारांची घरे मोजावीत, दर वाढण्याआधी आणि नंतर, म्हणजे झाले.

हा बेत मी आमच्या सरांना सांगितला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "न्यू जर्सीचे गिऱ्हाईक वडापाव खायला कुठे उभे राहते?" मला उलगडा व्हायला वेळ लागला. खाण्याचे हॉटेल गिऱ्हाइकाच्या दाराशीच असावे लागते. मजुरी वाढली म्हणून मालकाला हॉटेल उचलून शेजारच्या राज्यात नेता येत नाही. विडीचे तसे नाही. पान जंगलातून येते, तंबाखू वखारीतून, विडी कोणत्याही ओसरीवर वळता येते आणि छाप तिसऱ्याच गावी लागतो. मोटारसायकलीला एक पोते बांधले आणि कोगनोळीचा नाका ओलांडला की काम दुसऱ्या राज्यात गेले. अशा धंद्यात निपाणीत कमी झालेली नोकरी कागलला वाढलेली दिसेल. दोहोंतला फरक दुप्पट भासेल, आणि प्रत्यक्षात एकही नोकरी निर्माण झालेली नसेल किंवा नष्ट झालेली नसेल.

मला या सगळ्यातून जे कळले ते हेच. नियम कडक की सैल हा प्रश्न नंतरचा. आधी विचारावे, काम हलते की जागच्या जागी बांधलेले आहे? बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीची भट्टी जमिनीत रोवलेली असते, साचे आणि कारागीर तेथेच असतात. नियम आला म्हणून ती उद्या उठून शिनोळीला जात नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी याही भिंतीच्या धंद्यातल्या. तेथे तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बाया एका छपराखाली काम करीत, म्हणूनच प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांची संघटना बांधता आली. शेतकरी तर जमिनीलाच बांधलेला. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी पुणे-बंगलोर हमरस्त्यावर बसले, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा जण मेले. ज्याला हलता येत नाही तो रस्त्यावर बसतो. ज्याला हलता येते तो नुसते हलण्याचे बोलला तरी पुरते.

घरी विडी वळणारीचे मात्र दोन्हीकडून अडते. तिला हलता येत नाही, तिचे काम हलते. १९६६ च्या कायद्यानंतर अनेक ठिकाणी विडीचे कारखाने मोडून काम ठेकेदारांमार्फत घरांत गेले. त्याच कायद्यात एक सवलत होती. स्वतःच्या राहत्या घरात, स्वतःवर अवलंबून असलेल्या माणसांच्या मदतीने काम करणाऱ्याला कायदा लागू नाही. अट एवढीच की तो कोणा मालकाचा नोकर नसावा. गरीब कुटुंबाला तपासनीसाचा त्रास नको हा हेतू. पण त्या दारातून 'खरेदी-विक्री'ची पद्धत शिरली. ठेकेदार पान-तंबाखू बाईला 'विकतो' आणि विडी तिच्याकडून 'विकत घेतो'. कागदावर आत्यासारखी बाई व्यापारी होते. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. व्यापाऱ्याला भांडवल असते, नफा असतो, निदान खातेवही असते असे आम्हांला शिकवतात. या व्यापाऱ्याकडे एक सूप आणि एक कातर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली पी. एम. पटेल आणि सन्स प्रकरणात हा पडदा बराचसा फाडला. घरी वळणारीसुद्धा नोकरच आहे, कारण विडी नाकारण्याचा हक्क मालकाचा आहे, म्हणून भविष्यनिर्वाह निधी तिलाही लागू, असा निकाल दिला. पंचवीस वर्षांपूर्वी नागपूरच्या प्रकरणात जे छाटीच्या हक्काबद्दल म्हटले होते तेच पुन्हा कामी आले.

आपल्या देशातील आकड्यांवरून नियमांचा परिणाम मोजण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००४ साली केला. १९५८ ते १९९२ या काळात राज्यांनी औद्योगिक कलह कायद्यात ज्या दुरुस्त्या केल्या त्यांना त्यांनी 'कामगारांच्या बाजूची' आणि 'मालकांच्या बाजूची' असे गुण दिले. महाराष्ट्र कामगारांच्या बाजूचा ठरला, कर्नाटक मालकांच्या. म्हणजे कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे! त्यांचा निष्कर्ष असा की, कामगारांच्या बाजूच्या राज्यांत नोंदणीकृत कारखान्यांतील रोजगार मागे पडला आणि नोंदणीबाहेरचे उत्पादन वाढले. आदित्य भट्टाचार्य यांनी या गुणांवरच हरकत घेतली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एखादी किरकोळ दुरुस्तीसुद्धा अख्ख्या राज्याला एका रांगेत बसवते. हरकत मला पटते. ज्या यादीत केरळ मालकांच्या बाजूला बसतो ती यादी जपून वाचली पाहिजे. पण निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग, नोंदणीबाहेरचे काम वाढते हा, मी आत्याच्या ओसरीवर बसून नाकारू शकत नाही.

नियमाने नोकऱ्या राखल्या असेही घडले आहे, हे सांगायचे राहिले. अबकारी कराच्या काळात यंत्रावर केलेल्या विडीला हातविडीपेक्षा जास्त कर असे. तो नसता तर आत्याची बोटे केव्हाच रिकामी झाली असती.

येथे कोणी विचारील, विडी ही राखण्यासारखी वस्तू आहे काय? प्रश्न रास्त आहे. विडीने माणसे मरतात. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा त्यासाठीच आला, आणि एप्रिल २०१६ पासून पुड्यावर ८५ टक्के जागेत इशाऱ्याचे चित्र आले. तंबाखूची धूळ आत्याच्या सासूबाईंच्या छातीतही आहे. हा नियम यशस्वी झाला तर नोकऱ्या जाणारच, आणि त्या जाण्याला तोट्याच्या रकान्यात लिहिणे मला चूक वाटते. पण देशातील सुमारे ५० लाख नोंदलेल्या विडी कामगारांनी दुसरे काय करावे याची तरतूद त्याच नियमासोबत व्हायला हवी होती. १९७६ च्या कायद्यान्वये विडीवरील उपकरातून कामगार कल्याण निधी चाले. मुलांच्या शिष्यवृत्त्या, दवाखाने त्यातून होत. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, विडीवर २८ टक्के बसला आणि तो उपकर संपला. आता ही कामे सरकारच्या अंदाजपत्रकावर चालतात. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने विडीचा कर १८ टक्के आणि पानाचा ५ टक्के करण्याचे ठरवले. करात एवढी चढउतार झाली. आत्याच्या हजाराच्या मजुरीत त्यातले काही उतरलेले तिला आठवत नाही.

आता आपल्या सर्वांच्या जवळची गोष्ट. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांत स्थानिकांना व्यवस्थापकीय जागांत ५० टक्के आणि इतर जागांत ७० टक्के राखीव ठेवण्याचे विधेयक मंजूर केले. स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षे राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा; शाळेत कन्नड नसेल तर परीक्षा द्यावी. आमच्या खोलीवर त्या रात्री यावर मोठा काथ्याकूट झाला. मी मराठी माध्यमातला, पण कन्नड विषय दहावीपर्यंत होता, म्हणून मी बसत होतो. पलीकडच्या गावाहून येणारा माझा मित्र माझ्यापेक्षा हुशार असून बसत नव्हता. मात्र हरियाणाने २०२० साली केलेला ७५ टक्क्यांचा असाच कायदा तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला होता. आमच्याकडे तर न्यायालयापर्यंतही जावे लागले नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने, नॅसकॉमने, कंपन्या बाहेर जातील असे बजावले, आंध्रच्या मंत्र्यांनी विशाखापट्टणमला या म्हणून आमंत्रण दिले, आणि एक-दोन दिवसांत विधेयक बाजूला ठेवले गेले. सॉफ्टवेअर आणि विडी या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत; दोन्ही कोणत्याही ओसरीवर वळता येतात. फरक एवढाच की बंगळूरचे म्हणणे दोन दिवसांत ऐकले जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कामगार कायदा त्यांच्यात विलीन झाला. वेतन संहितेत केंद्राने एक तळवेतन ठरवावे आणि कोणत्याही राज्याने त्याखाली जाऊ नये अशी तरतूद आहे. मोटारसायकलवरच्या पोत्याला नाका ओलांडण्यात फायदा उरू नये यासाठी हे कलम उपयोगी पडू शकते. पण दोन ठिकाणांसाठी दोन तळ ठरवण्याची मुभाही त्याच कलमात आहे.

आत्याचा सध्याचा प्रश्न याहून लहान आहे. मागे ठेकेदार बदलला तेव्हा नवीन वहीत तिचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिले गेले. कन्नडमधल्या त्या वहीत आधी गावाचे आणि नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर, मग तिचे नाव. आधार कार्डावर मराठी रीतीने नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. त्यामुळे निधीची जुनी आणि नवी खाती एकाच बाईची आहेत हे सिद्ध होत नाही, आणि जुनी अकरा वर्षे वहीत कोणाचीच नाहीत. मी अर्ज कन्नडमध्ये लिहिला, त्याची मराठी प्रत आत्याला वाचून दाखवली, आणि जुन्या कार्डाची झेरॉक्स जोडून पाठवला. पोच आली आहे.